शंभरातले आठ

पट्टी काही सापडेना. उकिडवे मॅडमनी टेबलाचे तिन्ही खण उपसले, फायलींची चळत हलवली, शेवटी खाली वाकून टेबलाखालीसुद्धा बघितलं. समोर आम्ही तिघं बसलो होतो : मी, माझी बायको हौसा आणि तिचा भाऊ शिद्राम. टेबलावर एक कागद पसरला होता. माझं पुढं काय होण्याचा संभव आहे ते त्या कागदावरून कळणार होतं, फक्त बघायला पट्टी पाहिजे होती.

"आत्ता इथंच होती हो," मॅडम म्हणाल्या. "कुणीतरी उचलून नेली."

शिद्रामनं मागच्या खिशात हात घातला आणि काठी काढली. तो आमच्या बँडात साइड ड्रम वाजवायचा. त्याच्या काठ्या झोपेतसुद्धा मागच्या खिशात असत.

"ही चालंल का? सरळ हाय. शिसमाची हाय."

मॅडमनी काठीकडे बघितलं, मग माझ्याकडे. गंभीर राहायचा त्यांनी फार प्रयत्न केला. "चालेल," म्हणाल्या.

या गोष्टीला आता सतरा वर्षं होत आली. मी तेव्हा त्रेचाळीसचा होतो. जत तालुक्यात आमचा नवरंग ब्रास बँड होता आणि मी त्यात क्लॅरोनेट वाजवायचो. बँडात क्लॅरोनेटवाल्याला मास्तर म्हणतात, म्हणून गावानं मला मास्तर केलं. नाहीतर शाळेशी माझा संबंध सातवीतच तुटलेला. सुखदेव ऐवळे हे नाव फक्त रेशनकार्डावर.

डाव्या कानाच्या पाळीखाली गाठ आली ती आधी वाटाण्याएवढी होती. शिद्रामचं म्हणणं, वीस वर्षं फुंकून फुंकून गालात हवा अडकलीय, एखादा मोठा सूर लावला की निघून जाईल. हौसानं आंबेहळदीचा लेप लावला. शेजारचे म्हणाले, गालगुंड आहे. लग्नसराई जोरात होती, गाठ दुखत नव्हती, मीही दुर्लक्ष केलं. वर्षभरात ती सुपारीएवढी झाली आणि एका लग्नात वधूपित्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, "मास्तर, तोंडात पान ठेवून वाजवता का?" तेव्हा हौसानं मला धरून मिरजेला आणलं.

तिथं कळलं की कानाखाली लाळेची ग्रंथी असते, गाठ त्या ग्रंथीत आहे, आणि काढायला पाहिजे. मोठ्या डॉक्टरांनी ऑपरेशन केलं. चेहरा हलवणारी नस त्या ग्रंथीतूनच जाते. ती त्यांनी केस न केस सोडवून वाचवली. पण तिला हात लागला होताच. माझ्या तोंडाचा डावा कोपरा खाली उतरला. हसलो की अर्धाच हसायचो. मोठ्या डॉक्टरांच्या हाताखाली उकिडवे मॅडम डॉक्टर होत्या, त्या म्हणाल्या, हळूहळू येईल जागेवर. मग गाठीचा रिपोर्ट आला. त्यात कॅन्सर होता.

सौम्य जातीचा, निघालाय सगळा, असं त्यांनी लगेच सांगितलं. पण गाठीच्या एका बाजूला निरोगी मांसाची कड फार बारीक राहिली होती. कागदावर ओढलेल्या रेघेएवढी. म्हणून प्रश्न होता शेकाचा. विजेचा शेक, म्हणजे रेडिएशन, सहा आठवडे रोज. दिला तर परत यायची भीती कमी. पण त्या अंगाची लाळ सुकणार, तोंड कोरडं पडणार, जबडा आखडणार.

क्लॅरोनेटच्या तोंडाशी सूर काढणारी पत्ती असते, ती वेताची. ती ओठावर ओली झाल्याशिवाय बोलत नाही. कोरड्या तोंडाचा क्लॅरोनेटवाला म्हणजे शाई नसलेला तलाठी.

मी हे उकिडवे मॅडमना सांगितलं. त्या वयानं लहान होत्या, तिशीच्या आतल्या. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं, जीव मोठा का बाजा मोठा? मॅडम तसं म्हणाल्या नाहीत. त्यांनी हा कागद काढला. देशातल्या चार-पाच मोठ्या इस्पितळांत याच आजाराचे जे पेशंट होऊन गेले, त्यांचे जुने कागद जमवून काही डॉक्टरांनी तो बनवला होता. वय किती, गाठ केवढी, जात सौम्य की आडदांड, कड स्वच्छ की नाही, मानेतल्या गाठींत गेलाय का, नसेला चिकटलाय का. प्रत्येकाचे मार्क. मार्कांची बेरीज करायची, खालच्या रेघेवर पट्टी लावायची, आणि आजार पाच वर्षांत परत यायचा संभव किती तो आकडा मिळायचा. सगळी उत्तरं आमच्याकडे होती, फक्त नसेचं उत्तर नव्हतं. त्याच्यासाठी काचेवरचे तुकडे मुंबईला गेले होते. ते उत्तर त्या दिवशी सकाळी आलं होतं.

"नसेला चिकटलेला नाही," मॅडम म्हणाल्या. "शून्य मार्क."

"शून्य!" शिद्राम ओरडला. "मास्तर, आयुष्यात पैल्यांदा तुमच्या शून्याचं कौतुक हुतंय!"

"थांबा, अजून बेरीज आहे."

मॅडमनी बोट ठेवत ठेवत मार्क मांडले. शाळेत असताना मार्क वाढावेत म्हणून मी कधी देवापुढं हात जोडले नाहीत. त्या खोलीत मार्क कमी पडावेत म्हणून जत ते मिरज वाटेतल्या सगळ्या देवांना हाका मारल्या. हौसाचे ओठ हलत होते. माझा अर्धा चेहरा घामानं भिजला होता आणि उरलेल्या अर्ध्याला काय चाललंय ते कळत नव्हतं.

मॅडमनी काठी कागदावर आडवी ठेवली. काठी गोल, ती घरंगळली. परत ठेवली. परत घरंगळली. शेवटी शिद्रामनं एक टोक धरलं, हौसानं दुसरं, आणि मॅडम कागदावर इतक्या वाकल्या की त्यांचा चष्मा काठीला लागला.

"आठ," त्या म्हणाल्या. मग खात्री करायला केसपेपरची घडी घालून तिची कड लावली. "हो. आठच."

"आठ काय?" हौसानं विचारलं.

"शंभरात आठ. यांच्यासारखे शंभर पेशंट घेतले, शेक न देता, तर पाच वर्षांत आठ जणांना आजार परत येतो. ब्याण्णव जणांना येत नाही."

हौसानं बोटांवर काहीतरी मोजलं.

"आन् शेक दिला तर?"

"आठाचे कदाचित चार-पाच होतील."

"आन् ह्ये त्यातले कितवे?"

"ते मात्र हा कागद सांगत नाही, हौसाताई. हा गर्दीबद्दल सांगतो. एका माणसाबद्दल नाही."

एवढ्यात शिद्रामला काहीतरी झालं. त्याचे डोळे मोठे झाले, त्यानं काठी उचलली आणि दुसरीही खिशातून काढली.

"आठ!" तो म्हणाला. "मास्तर, आठ म्हंजी केरवा!"

केरवा म्हणजे आठ मात्रांचा ताल. वरातीतली दहातली नऊ गाणी केरव्यातच. शिद्रामनं मॅडमच्या टेबलाच्या कडेवर ठेका धरला, हळूच, दोन आवर्तनं. स्टेथोस्कोप नाचायला लागला. मला हसू फुटलं. अर्धं हसू, पण एवढ्या जोरात की डाव्या कोपऱ्यातून लाळ गळली. ती हौसानं बघितली आणि तीही हसत सुटली. बावीस वर्षांत मी तिला तसं हसताना बघितलं नव्हतं. टेबलावर डोकं टेकवून, हातानं टेबल बडवत. मॅडम "अहो, शेजारी पेशंट आहेत" म्हणत होत्या आणि स्वतःच डोळे पुसत होत्या. सिस्टरनं दार उघडून आत बघितलं, आणि काही न विचारता परत लावून घेतलं.

दम खाल्ल्यावर मी विचारलं, "मॅडम, तुमचे वडील माझ्या जागी असते तर त्यांना काय सांगितलं असतं?"

"सांगितलं नसतं. विचारलं असतं." त्यांनी चष्मा पुसला. "तुम्हाला जास्त भीती कशाची वाटते, असं विचारलं असतं."

हौसा म्हणाली, "ह्यांस्नी मरणाची भीती न्हाई मॅडम. दुसऱ्या कुणीतरी बरं क्लॅरोनेट वाजिवलं, तर त्याची भीती."

परत हशा. मॅडम म्हणाल्या, "आज काही ठरवू नका. आठवडाभर विचार करा, मग मोठ्या सरांसमोर बसून ठरवू." आम्ही नमस्कार करून बाहेर पडलो.

जिना उतरताना आमचे पाय जमिनीला लागत नव्हते. खरं बघता घाबरायला पाहिजे होतं. शंभरात आठ म्हणजे काही थोडे नव्हेत. पण महिनाभर आम्ही अंधारात चाचपडत होतो, आणि कुणीतरी दिवा लावून सांगितलं होतं की खड्डा आहे, पण एवढाच आहे. शिद्राम दर पायरीला "एक, दोन, तीन" म्हणत आठाला उडी मारत होता. हौसा त्याला "शिद्या, माणसं बघत्यात" म्हणून दटावत होती, आणि सातव्या पायरीवर हळूच स्वतःही थांबत होती.

फाटकाबाहेर आलो तर समोरून परण्या येत होता. आमच्याकडं लग्नाआधी नवरदेव घोड्यावर बसून मारुतीला जातो, तो परण्या. पुढं कुपवाडचा बँड, आणि क्लॅरोनेटवर बशीर, माझ्या वीस वर्षांच्या ओळखीचा. त्यानं मला बघितलं आणि सूर अर्धवट सोडला.

"मास्तर! जित्ता हायसा व्हय?"

"ब्याण्णव टक्के!" मी ओरडलो.

त्याला काही कळलं नाही. पण त्यानं गर्दीतून येऊन मला मिठी मारली आणि क्लॅरोनेट पुढं केलं. "एक गाणं. आमच्या नवरदेवाचं नशीब उघडंल."

मी नको म्हणालो. हात मात्र आपोआप शर्टाच्या खिशात गेला. तिथं माझा माऊथपीस होता, रुमालात गुंडाळलेला. ऑपरेशनच्या दिवसापासून तो मी बरोबर घेऊन फिरत होतो, तोंडाला लावायची हिंमत मात्र झाली नव्हती. बशीरचा काढून माझा बसवला. पत्ती ओठांत धरली. जिभेनं ती भिजवली.

भिजली. पटकन भिजली. मी उगाचच दोनदा भिजवून बघितली.

मग फुंकलं. फुस्स! डाव्या कोपऱ्यातून सगळा वारा निसटला, आणि जो आवाज आला तो भर लग्नात काढू नये असा होता. घोड्यानं कान टवकारले. नवरदेव मुंडावळ्यांतून वाकून बघायला लागला. करवल्या खिदळल्या. बशीर म्हणाला, "मास्तर, ह्यो कुठला राग?" मी परत फुंकलं, परत तेच. हसू आवरेना, आणि हसलं की कोपरा आणखी सुटायचा.

तेव्हा हौसा पुढं आली. आता हे सांगायला पाहिजे की हौसा बँडाच्या जवळ कधी यायची नाही. बँडवाल्याची बायको वरातीत दिसली की लोक बोलतात, असं तिच्या आईनं तिला शिकवलं होतं. आमच्या स्वतःच्या भावकीच्या लग्नातसुद्धा ती मांडवातच थांबायची. ती आली, तिनं पदर कमरेला खोचला, माझ्या डाव्या बाजूला उभी राहिली, आणि अंगठ्यानं माझ्या तोंडाचा तो उतरलेला कोपरा वर ढकलून गच्च दाबून धरला.

"आता वाजवा," म्हणाली.

मी वाजवलं. सूर आला. आधी खरखरीत, मग मोकळा, मग असा की माझाच मला ओळखू आला. शिद्रामच्या अंगातलं वारं कुणी आवरणार? एका ढोलवाल्याला बाजूला सारून तो केरव्यात घुसला. परण्या चालायला लागला. मी चालत चालत वाजवतोय, आणि हौसा माझ्या बाजूनं तिरकी तिरकी चालतेय, एक हात माझ्या गालावर, दुसऱ्यानं साडीच्या निऱ्या सावरत. माझा सूर वर चढला की तिच्या भुवया वर चढत. मी श्वास घ्यायला थांबलो की ती अंगठा झटकायची, "दुखाय लागलंय की वो," आणि परत दाबायची. वाटेत खड्डा आला तेव्हा दोघंही एकदमच उडी मारून पलीकडं गेलो, सूर न तुटता. म्हातारी माणसं रस्त्याच्या कडेला थांबून बघत होती. एक आजीबाई शेजारणीला म्हणाल्या, "नवस असंल बाई काहीतरी."

नवरदेवानं घोड्यावरनंच हात वर केले. मग त्याचे दोस्त नाचायला लागले, मग करवल्या, मग वरमाय. मारुतीचं देऊळ आलं तरी कुणी थांबेना.

"मास्तर! टाके!" अशी हाक आली तेव्हा मी वळलो. उकिडवे मॅडम पांढऱ्या कोटात पळत येत होत्या. शिद्राम एक काठी त्यांच्या टेबलावरच विसरला होता आणि ती द्यायला त्या फाटकाशी आल्या होत्या. "चारच आठवडे झालेत! काय चाललंय हे?" एवढं म्हणून त्यांनी हौसाचा अंगठा बघितला. आणि देवळाच्या कठड्याला टेकून उभ्या राहिल्या. थोड्या वेळानं बघतो तर त्यांच्या हातातली काठी कठड्यावर पडत होती. ठेका चुकत होता, पण पडत होती.

आठवड्यानं आम्ही मोठ्या सरांसमोर बसलो. त्यांनी दोन्ही बाजू परत नीट समजावल्या. मी म्हणालो, शेक नको. दर तीन महिन्यांनी येईन, तुम्ही सांगाल त्या तपासण्या करीन, पण शेक नको. सरांनी हौसाकडं बघितलं. ती म्हणाली, "मी बी त्येच म्हंते." सरांनी फाइलीवर तसं लिहिलं आणि आम्हा दोघांच्या सह्या घेतल्या.

दिवाळीपर्यंत कोपरा जागेवर आला. हौसाच्या अंगठ्याला सुट्टी मिळाली. आणि मग मी जो सुटलो! विजापूर, सोलापूर, पंढरपूर, बेळगाव. पूर्वी मी गिऱ्हाईक म्हणेल ते वाजवून मोकळा व्हायचो. आता घोडा दारात पोचला तरी माझं संपायचं नाही. वधूपिते हात जोडायचे, मास्तर, मुहूर्त टळतोय. एक गंमत राहिली ती राहिलीच : आंबट खाल्लं की माझ्या डाव्या गालाला घाम फुटायचा. मॅडम म्हणाल्या, ऑपरेशनच्या वेळी तुटलेले बारीक तंतू परत जोडताना वाट चुकतात, त्यांनी लाळ सोडायची ती घाम सोडतात. शिद्राम ते लोकांना खेळ म्हणून दाखवायचा. लिंबाची फोड माझ्या तोंडात द्यायचा आणि म्हणायचा, आता बघा, मास्तरांचा अर्धाच गाल रडणार.

चार वर्षं आणि आठ महिने. पाच पुरी व्हायला चार महिने कमी होते.

नेहमीच्या तपासणीत मॅडमचा हात कानाखाली एका जागी थांबला. पुढं मागं झाला, आणि परत त्याच जागी आला. त्यांचा चेहरा बघून मला कळलं. तपासण्या झाल्या, रिपोर्ट आला, आणि आम्ही त्याच खोलीत बसलो. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मास्तर, माझा तो कागद..."

"कागद बरोबर होता मॅडम," मी म्हणालो. "आठजण कुणीतरी व्हायलाच पाहिजे होते."

पुन्हा ऑपरेशन झालं. या वेळी शेक घेतला, सगळा, एकही दिवस न चुकवता. जे सुकायचं होतं ते सुकलं. त्यालाही आता बारा वर्षं झाली. आजार परत आला नाही. खिशात पाण्याची बाटली असते, भाकरी कालवणात बुडवून खातो. क्लॅरोनेट बशीरच्या पुतणीला दिलं. पोरगी आहे आणि काय वाजवते म्हणून सांगू! हौसानं मॅडमना सांगितलं होतं ती भीती खरी होती. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा दोन दिवस जेवलो नाही. मग तिसऱ्या दिवशी जाऊन तिची एक हरकत सुधारून आलो. मी बँडात खुळखुळा वाजवतो. बँडातलं सगळ्यात हलकं वाद्य, पण मास्तर मलाच म्हणतात.

गेल्या वर्षी तपासणीला गेलो तर मॅडमच्या टेबलावर संगणक होता. म्हणाल्या, तो जुना कागद आता नव्यानं करतोय, जास्त पेशंट घेऊन. "त्यात तुम्हीसुद्धा आहात, मास्तर. नाव नाही, नुसता एक पेशंट म्हणून. पुढच्या माणसाचा आकडा काढताना तुमचा उपयोग होईल."

"माझ्यामुळं त्याचा आकडा वाढतो का कमी होतो?"

"वाढतो," त्या म्हणाल्या. "कणभर."

"मग बिचारा मला बघून घाबरायचा की. माझं काय काय लिहिलंय त्यात?"

त्यांनी वाचून दाखवलं. वय. गाठ केवढी. कड. नस. शेक घेतला नाही. किती महिन्यांनी परत आला. बस्स, एवढंच.

"आणि मधे वाजवलं ते?"

"तसा रकाना नाही, मास्तर."

"मग करा की एक."

मॅडम हसल्या. मला वाटलं, विषय संपला. पण त्यांनी माझी फाइल ओढली, पेनचं टोपण काढलं आणि शेवटच्या पानाच्या कडेला एक छोटी चौकट काढली.

"सांगा. किती वाजवलं म्हणून लिहू?"

मी आठवायला लागलो, वराती किती, गावं किती, हंगाम किती. काही मेळ लागेना. मॅडम पेन धरून वाट बघत होत्या.

"त्येंस्नी काय इचारताय," हौसा म्हणाली. "लिवा, पोटभर."